गुळवेल, अँटिऑक्सिडंट आणि माझ्या फोनमधला सात वाजताचा रिमाइंडर

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे काढलेत, उरलेल्यांना सांभाळून घ्या.)



आजचा विषय तुमच्या घरामागच्या कुंपणावर किंवा सोसायटीतल्या कडुलिंबावर चढलेला असण्याची बरीच शक्यता आहे. गुळवेल. संस्कृतात गुडूची, अमृता. हिंदीत गिलोय. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराची पानं असलेली.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस आहे. पण या एका वेलीबद्दल मी जेवढं वाचलंय ना, तेवढं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकाही विषयाचं वाचलं नव्हतं. आणि ते वाचायला मी सहा महिने उशीर केला. त्या उशिराची ही गोष्ट आहे.

आधी घरची गोष्ट

२०२०. लॉकडाउन. लॅपटॉप उचलून मी कराडजवळच्या आमच्या गावी गेलो. तेव्हाचे दिवस आठवतायत ना? प्रत्येक फॅमिली ग्रुपवर काढ्याची रेसिपी. आमच्या परसात कडुलिंब आहे आणि त्यावर बोटाएवढ्या जाड कांडाची गुळवेल. कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी, असं आपल्याकडे मानतात. म्हणजे औषध दारातच होतं.

आजी असताना ताप आला की ती वितभर कांड आणायची, ठेचून पाण्यात उकळायची आणि तीन-चार दिवस द्यायची. ताप गेला की काढा बंद. पण मी पडलो इंजिनिअर! मी गूगलवर शोधलं: गुळवेल अँटिऑक्सिडंट. पेपरच पेपर. प्रत्येकात आलेख, आणि प्रत्येक आलेखात रेघ वर चाललेली. मी दोन-तीन लिंक्स ग्रुपवर टाकल्या आणि खाली लिहिलं, ‘सायंटिफिकली प्रूव्हन आहे.’

ऑगस्टपासून आईचा रोज सकाळी काढा सुरू झाला. संध्याकाळसाठी मी ऑनलाइन गोळ्या मागवल्या. आई विसरायची, म्हणून तिच्या आणि माझ्या दोघांच्या फोनमध्ये सकाळी सातचा रिमाइंडर लावला. ‘आई – गुळवेल.’ रोज रिपीट. शेवटची तारीख टाकायचा पर्याय असतो तिथे. मी टाकली नाही.

डिसेंबरमध्ये आईची भूक गेली. मग थकवा. मग एक दिवस म्हणाली, ‘अरे, लघवी चहासारखी होतेय.’ दोन दिवसांत डोळे पिवळे. बिलिरुबिन नऊ. एसजीपीटी, जे साधारण चाळीसच्या आसपास असायला हवं, ते साडेआठशे. हेपॅटायटिसच्या ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह.

डॉक्टरांनी विचारलं, ‘काकू, काही औषध चालू आहे का?’

आई म्हणाली, ‘थायरॉइडची गोळी आहे सकाळची. बाकी काहीच नाही.’

मी शेजारी उभा होतो. मीही काही बोललो नाही. लपवायचं होतं म्हणून नाही. मला ते औषध वाटतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वॉर्डात दोन फोन एकदम वाजले, तेव्हा नर्सनं विचारलं, ‘काय हो, कसला अलार्म?’ आणि मग कळलं.

तर आई आज ठणठणीत आहे, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. आता थोडं विज्ञान बघू.

वेलीत असतं काय?

गुळवेलीचं कांड आडवं कापलं तर आत चाकासारखी नक्षी दिसते. त्या कांडात एक रसायन नसतं, अख्खं कुटुंब असतं.

एक, अल्कलॉइड्स: बर्बेरीन, पामाटीन, मॅग्नोफ्लोरिन. बर्बेरीन पिवळं असतं. दारुहळदीचा पिवळेपणा त्याचाच. दोन, डायटर्पिनॉइड्स: टिनोस्पोराइड, कोलंबिन वगैरे. गुळवेल तोंडात धरवत नाही, त्यात यांचा मोठा वाटा. तीन, ग्लायकोसाइड्स: कॉर्डिफोलिओसाइड, सिरिंजिन. म्हणजे साखरेच्या रेणूला जोडलेली संयुगं. चार, पॉलिसॅकराइड्स, म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या. यांतल्या एका अरॅबिनोगॅलॅक्टनवर मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काम केलंय. ते रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं असं त्यांना दिसलं. शिवाय फिनॉलिक संयुगं आहेत, आणि अँटिऑक्सिडंट म्हणून जे श्रेय मिळतं त्यातलं बरंचसं त्यांचं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ‘गुळवेल घेतली’ म्हणजे नेमकं काय घेतलं? कांड ठेचून पाण्यात भिजवलं, कुस्करलं, निवळू दिलं आणि तळाचा पांढरा साका वाळवला की होतं गुळवेल सत्त्व. तो मुख्यतः स्टार्च असतो. काढ्यात पाण्यात विरघळणारी द्रव्यं येतात. आणि प्रयोगशाळेत बहुतेक वेळा मिथेनॉल किंवा इथेनॉल वापरून अर्क काढतात, त्यात वेगळीच द्रव्यं जास्त उतरतात. वेल एकच, पण कपात पडणारं रसायन तिन्ही वेळा वेगळं.

म्हणजे मी ग्रुपवर टाकलेला पेपर मिथेनॉलच्या अर्काचा होता आणि आई पीत होती पाण्याचा काढा. मी हे वाचलंच नव्हतं. मी फक्त रेघ वर गेलेली बघितली.

अँटिऑक्सिडंट मोजतात कसं?

ऐका, हे मजेशीर आहे. डीपीपीएच नावाचं एक रसायन असतं. ते स्वतःच एक फ्री रॅडिकल आहे, म्हणजे त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना फिरत असतो. अल्कोहोलमध्ये विरघळवलं की गडद जांभळा रंग येतो. त्यात तुमचा अर्क टाकायचा. अर्कातल्या द्रव्यांनी त्या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार दिला की जांभळा रंग उतरतो आणि द्रावण पिवळं होतं. यंत्रात ५१७ नॅनोमीटरचा प्रकाश सोडून रंग किती उतरला ते मोजायचं. जितका रंग कमी, तितका अँटिऑक्सिडंट जास्त.

टेस्ट चांगली आहे, स्वस्त आहे, कॉलेजच्या लॅबमध्येही होते. पण ती काय सांगते? या नळीत, या द्रावणात, या रसायनानं त्या रसायनाला इलेक्ट्रॉन दिला. बास. चहा ही टेस्ट पास होतो. कॉफी पास होते. लिंबू पास होतं.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. क्लायंटकडे सॉफ्टवेअर कोसळतं आणि डेव्हलपर म्हणतो, ‘पण माझ्या मशीनवर तर चालतंय!’ डीपीपीएचची नळी म्हणजे डेव्हलपरचं मशीन. आपलं शरीर म्हणजे क्लायंट.

कारण शरीरात काय होतं? आपण गिळलेलं द्रव्य आधी आतड्यातून शोषलं गेलं पाहिजे. अनेक पॉलिफिनॉल्स फारच कमी शोषली जातात. जे शोषलं जातं ते आधी पोर्टल व्हेनमधून थेट लिव्हरमध्ये जातं. लिव्हर त्याची तोडफोड करतं, त्याला शेपट्या जोडतं, लघवीतून बाहेर काढायची तयारी करतं. म्हणजे नळीत ज्या रेणूनं परीक्षा दिली, तो रेणू तुमच्या पेशीपर्यंत तसाच पोचतो असं नाहीच.

आणि दुसरी गोष्ट, फ्री रॅडिकल म्हणजे सिनेमातला व्हिलन नाही. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला ऑक्सिजनचे असेच आक्रमक रेणू मुद्दाम तयार करतात. स्नायूंनाही व्यायामाचा निरोप काही प्रमाणात यांच्यामार्फतच मिळतो. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात, व्यायामाबरोबर व्हिटॅमिन सी आणि ईच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांमध्ये व्यायामानं इन्सुलिनला मिळणारा फायदा दिसलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये दिसला. शिवाय शरीराची स्वतःची सफाईयंत्रणा असते: ग्लुटाथायोन, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. ती चोवीस तास ड्युटीवर असते.

सगळ्यांत मोठा धडा फिनलंडचा. तिथे २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. अपेक्षा अशी की बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं ते नामांकित अँटिऑक्सिडंट, फुफ्फुसाचा कॅन्सर कमी करेल. १९९४मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! गाजर वाईट नाही हो. गाजरातला एक रेणू बाहेर काढून, मोठ्या डोसमध्ये, वर्षानुवर्षं, नेमक्या चुकीच्या माणसांना दिला, ते महागात पडलं.

आणि पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा ओरॅक नावाचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यानं वेबसाइटवर ठेवला होता. २०१२मध्ये त्यांनीच तो काढून टाकला. कारण काय? हे आकडे माणसाच्या शरीरातला परिणाम सांगत नाहीत आणि कंपन्या जाहिरातींत त्यांचा गैरवापर करतात. तरीही आज कुठल्याही ज्यूसच्या डब्यावर बघा, तो शब्द आहेच.

मग गुळवेल थोतांड आहे का?

नाही. आणि इथेच मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त विचार करायला लावते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर होत्या. औषधशास्त्राच्या प्राध्यापक. ‘फुलवा’, ‘वृक्षगान’ लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीवर पद्धतशीर काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रुग्णांचं ऑपरेशन धोक्याचं असतं, कारण प्रतिकारशक्ती ढासळलेली असते आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार अधिक गुळवेल. डोस ठरलेला: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. काळही ठरलेला: ऑपरेशनआधी पित्ताचा निचरा चालू असेपर्यंत. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तात संसर्ग झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही.

अभ्यास लहान आहे, मान्य. पण लक्षात घ्या, तिथे प्रश्न नेमका होता. कुणाला? कशासाठी? किती? किती दिवस? नळीतला रंग उतरतोय का, एवढ्यावर ते थांबले नव्हते.

आता त्याच मुंबईतला दुसरा पेपर. २०२१च्या जुलैमध्ये यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगरल आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात लिव्हरला इजा होऊन आलेले, आणि सगळे गुळवेल घेणारे. त्यांचं म्हणणं असं की गुळवेलीनं ऑटोइम्यून प्रकारचा हेपॅटायटिस सुरू झाला असावा किंवा आधीपासून झोपलेला आजार जागा झाला असावा. ऑटोइम्यून म्हणजे आपलीच संरक्षणव्यवस्था आपल्याच पेशींवर उलटते.

मी तो पेपर वाचला तेव्हा आई घरी येऊन पाच-सहा महिने झाले होते. तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये जवळपास हेच शब्द होते. तिचा थायरॉइडचा त्रासही ऑटोइम्यूनच, हे मला तोवर माहीत नव्हतं. स्वतःच्या आईबद्दल. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ परसात जाऊन बसलो.

आता दुसरी बाजूही ऐका. आयुष मंत्रालयानं त्या पेपरवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलीच नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात आणि फुलाला तीन पाकळ्या. खऱ्या गुळवेलीच्या फुलाला सहा. पण २०२२मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद मांडली. आमच्या परसातली वेल मी नंतर एका वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवली. ती गुळवेलच आहे.

डॉक्टर आम्हाला म्हणाले, ‘शंभर टक्के गुळवेलीमुळेच, असं मी लिहून देणार नाही. पण ती बंद करा, पुन्हा घेऊ नका.’ बंद केली, स्टेरॉइड्स दिली, आणि तीन महिन्यांत आकडे जाग्यावर आले.

गुंता कुठे होता?

मला जे समजलं ते असं. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, हा तिचा गुण. प्रतिकारशक्ती म्हणजे फोनचा व्हॉल्यूम नव्हे, की वाढवला म्हणजे चांगलंच. ऑपरेशनआधी खचलेल्या रुग्णाला तोच धक्का उपयोगी पडला असेल. आधीच घरच्याच माणसांवर डोळे वटारणाऱ्या यंत्रणेला तोच धक्का जड गेला असेल. रेणू तेच, माणूस वेगळा.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य मी स्वतः टाइप केलेलं आहे. फ्रान्समध्ये जर्मँडर नावाची अशीच जुनी औषधी वनस्पती वजन कमी करायला लोक घेऊ लागले. त्यातल्या डायटर्पिनॉइड्सचं लिव्हरमध्ये रूपांतर होताना जे तयार होतं, ते लिव्हरच्याच पेशींना मारतं. हेपॅटायटिसचे रुग्ण वाढले आणि १९९२मध्ये ती बाजारातून काढावी लागली. ज्या गोष्टीत परिणाम करण्याची ताकद आहे, तिच्यात दुष्परिणाम करण्याचीही असतेच. वैद्यांना हे आपल्या आधीपासून माहीत होतं. म्हणून तर मात्रा, अनुपान, काळ, प्रकृती हे सगळे शब्द आहेत. ते शब्द आम्ही गाळले आणि फक्त वेल ठेवली. आयुषच्या २०२०च्या कोविड नियमावलीतही गुळवेलीच्या गोळ्यांना पंधरा दिवस ते महिना किंवा वैद्यांच्या सल्ल्याप्रमाणे, अशी मुदत होती. माझ्या रिमाइंडरला मुदत नव्हती.

तर आता कुणी ‘अँटिऑक्सिडंट आहे’ म्हणून काही पाठवलं की मी चार गोष्टी बघतो. तुम्हीही बघा.

पहिली: प्रयोग नळीत झालाय, उंदरात की माणसात?

दुसरी: कशाचा अर्क, किती डोस, किती दिवस? आणि आपण घेतोय ते तेच आहे का?

तिसरी: घेणाऱ्याला आधीपासून काय आहे? थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, लिव्हरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तरी विचारा, कारण गुळवेल साखरही उतरवते.

चौथी, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची: डॉक्टरांनी ‘काय चालू आहे?’ विचारलं की काढा, चूर्ण, ज्यूस, जिमची पावडर, सगळं सांगा. आणि घरच्या मोठ्यांना तसं विचारा, कारण ते ‘औषध काहीच नाही’ म्हणतील. प्रश्न असा विचारा: ‘सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं?’ लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्न नको वाटलं, तर सगळं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परवा गावी गेलो होतो. वेल आता कडुलिंबाच्या पार शेंड्याला पोचलीये. मी आईला म्हणालो, काढून टाकू का? तर ती म्हणाली, ‘तिनं काय केलंय रे? ती आपली झाडावर होती. आपणच तिला रोज बोलावलं.’

रिमाइंडर मी तेव्हाच डिलीट केला होता. आईच्या फोनमधला राहिला होता, तो परवा काढला. तिनं तो नुसता म्यूट केला होता.

हा एपिसोड तुमच्या त्या काढ्यावाल्या फॅमिली ग्रुपवर नक्की टाका. भांडण झालं तर माझं नाव सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.